पॅनासॉनिक यूबी८२० की सोनी एक्स८००एम२? माझं मत ८२०ला

एडिसनकर

फोर-के डिस्कचे प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून गाशा गुंडाळताहेत. ऑप्पो २०१८मध्ये गेली, सॅमसंग २०१९मध्ये, २०२४मध्ये एलजीसुद्धा. त्यामुळे इथे न्यू जर्सीत कुणी होम थिएटर करायला घेतलं की गाडी दोन नावांवर येऊन थांबते : पॅनासॉनिक डीपी-यूबी८२० आणि सोनी यूबीपी-एक्स८००एम२. दोन्हींत डॉल्बी व्हिजन आहे (एचडीआरचा, म्हणजे जास्त उजळ नि खोल चित्राचा, एक प्रकार; त्यात दृश्यागणिक उजेडाची माहिती असते), दोन्हींना दोन-दोन एचडीएमआय आउटपुट आहेत. म्हणजे रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) जुना असला तरी चित्र थेट टीव्हीला आणि आवाज रिसीव्हरला देता येतो. मग जास्त पैसे मोजून ८२० का घ्यायचा?

एचडीआरसाठी. डिस्कवरचं चित्र १००० किंवा ४००० निटच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) मॉनिटरवर तयार झालेलं असतं. घरातला पडदा तेवढा उजळ नसतो. वरचा उजेड कुठे आणि कसा दाबायचा हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. ८२०ला सेटिंगमध्ये एकदा सांगायचं की समोर ओएलईडी आहे, एलसीडी आहे की प्रोजेक्टर. पुढचं काम त्यातला एचडीआर ऑप्टिमायझर करतो. ढगांतले बारकावे पांढरेफटक होत नाहीत.

दुसरं कारण रोजच्या वापरातलं. डॉल्बी व्हिजनची डिस्क घातली की ८२० ते आपण होऊन लावतो, साधी एचडीआर१०ची (अख्ख्या सिनेमाला उजेडाची एकच माहिती असलेली) घातली की तसं पाठवतो. सोनीत मात्र सेटिंगमध्ये शिरून डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावं लागतं. चालूच ठेवलं तर एचडीआर१०ची डिस्कही डॉल्बी व्हिजन होऊन बाहेर पडते. आईबाबा भारतातून येतात तेव्हा त्यांनी डिस्क घालून प्ले दाबावं, एवढंच मला हवंय.

सूरपेटी

पूर्ण असहमत. होम थिएटरमध्ये आपण फक्त सिनेमाच बघतो का हो? सोनी एसएसीडी वाजवतो, डीव्हीडी-ऑडिओ वाजवतो (दोन्ही सीडीपेक्षा सरस आवाजाच्या तबकड्या). ८२० यातलं काहीच वाजवत नाही. हायब्रिड एसएसीडी असेल तर तिचा सीडीचा थर तेवढा वाजेल, सिंगल लेयर (फक्त एसएसीडीचा थर) असेल तर तीही आशा नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून मल्टिचॅनल रेकॉर्डिंग जमवली त्यांना तुम्ही कुठला प्लेअर घ्यायला सांगताय? ऑप्पो गेल्यापासून परवडणाऱ्या किमतीत सगळ्या तबकड्या वाजवणारं यंत्र मिळणं मुश्किल झालंय. सोनी ती जागा बऱ्यापैकी भरून काढतो, तेही कमी पैशात. एक मेनू उघडायचा त्रास मी आनंदाने घेईन.

साधासुधा

संगीताचं जाऊ द्या, चित्राच्या बाबतीतही एडिसनकर जरा वाढवून सांगताहेत. माझ्याकडे एलजीचा ओएलईडी आहे. त्याचं स्वतःचं डायनॅमिक टोन मॅपिंग (उजेड दाबण्याचं तेच काम, टीव्हीतच) चांगलं आहे. आणि ८२०चा ऑप्टिमायझर ओएलईडीच्या सेटिंगवर १००० निटच्या डिस्कला जवळपास हातच लावत नाही. खरा फरक ४००० निटच्या डिस्कवर. डॉल्बी व्हिजन चालू असताना तर ऑप्टिमायझर कामालाच येत नाही. मग जास्तीचे पैसे नक्की कशाचे? वाचलेल्या पैशांत सबवूफरची (खर्जाच्या स्पीकरची) भर घाला. तो फरक घरातल्या लहान पोरालाही कळेल.

अंधारखोली

साधासुधा, तुमचं म्हणणं ओएलईडीपुरतं मान्य. माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. पडद्यावर १०० निट पोचले तरी खूप झालं. शिवाय बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांना डॉल्बी व्हिजन कळत नाही. सोनीतून तीच डिस्क सरळ एचडीआर१० म्हणून पाठवली की रात्रीच्या प्रसंगात माणसं अंधारात विरघळतात. हिरोचा काळा कोट आणि मागची भिंत एकच. ८२०ला प्रोजेक्टर सांगितला की कोटाची शिवण दिसते, भिंतीचा पोपडा दिसतो. रिमोटवरून तिथल्या तिथे उजेड वर-खाली करता येतो तो वेगळाच. ज्या महागड्या प्रोजेक्टरांत हे काम आतच होतं, त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी सोनी घेऊन चित्र अंधारं का दिसतं म्हणून डोकं खाजवत बसू नये.

एडिसनकर

+१. आणि सॅमसंगचा टीव्ही असणाऱ्यांसाठी एक मुद्दा राहिला. त्यात डॉल्बी व्हिजन नाही, त्याच्यासारखाच दुसरा प्रकार एचडीआर१०+ आहे. ८२० दोन्ही पाठवतो. सोनीत एचडीआर१०+ नाही, म्हणजे सॅमसंगवाल्याला साध्या एचडीआर१०वर समाधान मानावं लागतं.

साधासुधा, सबवूफर नंतरही घेता येईल. चांगले प्लेअर किती दिवस दुकानात राहतील, हे ऑप्पोच्या वेळी आपण पाहिलंय.

बाणेरची_मी

मी पुण्यात असते. भाऊ अमेरिकेहून येताना यातला एक आणणार आहे. घरी बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आहे, एचडीएमआय नसलेला. टीव्ही सॅमसंग. बाबांकडे थोड्या एसएसीडीही आहेत. आणि इथल्या डिस्क तिथल्या प्लेअरवर चालतील का?

अंधारखोली

ताई, फोर-के डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, त्या चालतील. साध्या ब्लू-रेचं तसं नाही : अमेरिका ए, भारत सी. डीव्हीडीला अमेरिका १, भारत ५. मराठी सिनेमांच्या डीव्हीडी असतील तर मागे 'ऑल रीजन' आहे का बघा. असेल तरी त्या पाल आहेत की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती; भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी) तेही पाहा, अमेरिकेतली यंत्रं पालशी बरेचदा पटवून घेत नाहीत. प्लेअरच्या मागे १२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, थेट प्लगात घालू नका.

तुम्हाला ८२०च. सॅमसंग टीव्ही आहे हे एक, आणि ८२०ला ७.१ ॲनालॉग आउटपुट (प्रत्येक स्पीकरसाठी जुन्या धर्तीचं वेगळं भोक) आहेत, बाबांच्या ॲम्प्लिफायरला तारा सरळ लागतील. सोनीत ॲनालॉग आउटपुट एकही नाही.

सूरपेटी

थांबा, बाबांच्या एसएसीडींचं काय? एचडीएमआय नसल्यामुळे सोनीतूनही त्या ऐकता येणार नाहीत हे खरं, कारण त्याच्या कोअॅक्सियलमधून (डिजिटल आवाजाच्या आउटपुटमधून) एसएसीडीचा आवाज बाहेर पडत नाही. पण म्हणून त्या डिस्क कपाटात ठेवायला लावणारा प्लेअर घ्यायचा? एचडीएमआयचा साधा, वापरलेला रिसीव्हर पुण्यात मिळतो. तो आणि सोनी मिळून हिशोब करून बघा. बाबांना विचारा आधी, डिस्क हायब्रिड आहेत की सिंगल लेयर.

बाणेरची_मी

विचारलं. बहुतेक हायब्रिड आहेत. आणि ॲम्प्लिफायर बदलायचा नाही म्हणाले, त्याचा आवाज त्यांना प्रिय आहे. म्हणून भावाला ८२० सांगितलाय. अंधारखोली, रेड-व्हाइट तारा कुठल्या दोन भोकांत लावायच्या तेवढं सांगा.

अंधारखोली

फ्रंट लेफ्ट आणि फ्रंट राइट. आणि ऑडिओच्या सेटिंगमध्ये ॲनालॉगला २ चॅनल निवडा, नाहीतर संवाद सेंटर स्पीकरकडे जातील आणि तुम्हाला ऐकूच येणार नाहीत.

सूरपेटी

ताईंच्या बाबतीत ठीक. पण एचडीएमआय रिसीव्हर ज्यांच्या घरी आहे आणि टीव्ही ओएलईडी आहे, त्यांना मी सोनीच सांगत राहीन.