शीर, नस, स्नायू, चेतातंतू : पत्रकात काय लिहावं?

पोटरीवाली
सोलापुरात फिजिओथेरपी करते. घरी करायच्या व्यायामांचं मराठी पत्रक लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडकले. आमच्याकडे 'शीर दबली', 'शीर आखडली', 'शीर चढली', 'शीर कापली' असं सगळं चालतं. दबते ती नर्व्ह, आखडतो तो स्नायू, चढतो तो पोटरीतला गोळा, आणि कापल्यावर भळाभळा रक्त येतं ती रक्तवाहिनी. विड्या वळणाऱ्या बायकांची मनगटात नर्व्ह दबून बोटांना मुंग्या आल्या, की त्या 'नस मेली' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात चेतातंतू, विश्वकोशात तंत्रिका, पेपरात मज्जातंतू. मी काय लिहू?

जुनी_पोथी
मज्जातंतू तेवढा नको. मज्जा म्हणजे हाडातला मगज, लोक अस्थिमज्जेशी घोळ घालतात.

बाकी पेशंटना हसू नका. सुश्रुताने शरीरात 900 स्नायू, 700 सिरा आणि 500 पेशी सांगितल्या आहेत. त्यातला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा चिवट बंध. आकुंचन पावणाऱ्या मांसाला तो पेशी म्हणतो. मराठीत स्नायू सरकून मांसावर बसला आणि पेशी गेली 'सेल'कडे. बंगालीत तोच स्नायू नर्व्ह झालाय. ग्रीकांचंही हेच: न्यूरॉन म्हणजे आधी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर), धनुष्याची दोरी. उघड्या जखमेत नर्व्ह आणि कंडरा दोन्ही पांढरट दोरेच दिसतात, फरक करणार कसा? इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने प्रेतांची चिरफाड केली, तेव्हा कुठे नर्व्ह नीट वेगळी निघाली.

पूर्वभागवाला
आमच्या घरी तेलुगू. आमचा 'नरम' पण शीर, नस, सगळ्याला चालतो. शेजारचे कन्नडवाले 'नर' म्हणतात, त्यांचीही तीच गत. पण मॅडम, पत्रकात 'कंडरा' लिहिणार असाल तर जपून. तेलुगूत कंडरम म्हणजे स्नायू! सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या तेलुगू वस्तीत वाटलंत तर निम्मे लोक भलतंच चोळत बसतील.

एक विचारायचं होतं. नात्यातल्या एका काकांच्या पापण्या संध्याकाळ झाली की उतरतात, बोलणंही जड होतं. डॉक्टर म्हणाले, नसही चांगली, स्नायूही चांगला, बिघाड मधे आहे. मधे काय असतंय ओ?

खडू_फळा
मधे फट असते! पुस्तकात तिला चेता-स्नायू संधी म्हणतात. सुमारे 50 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. प्रेरक (स्नायूला हुकूम देणाऱ्या) चेतापेशीतून आलेला विजेचा संदेश या फटीशी थांबतो. तिथे टोकातल्या बारीक पिशव्या फुटून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि पलीकडे स्नायूवरच्या ग्राहींना (रिसेप्टर) चिकटतं. त्याने सोडियम आत घुसतो, स्नायुतंतूवर नवी विद्युतलहर उठते, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात. काम झाल्या झाल्या एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं, नाहीतर स्नायू सुटणारच नाही.

डॉक्टरांनी काकांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस सांगितला असेल, तर त्यात शरीराचीच प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) त्या ग्राहींवर चालून जातात. वापर वाढेल तसा जोर ओसरतो, म्हणून संध्याकाळ वाईट. मण्यार चावल्यावर पापण्या उतरतात तेही याच फटीवरचं विष. आणि बागेत फवारणी करताना ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक अंगात गेलं की ते विकर बंद पडतं, मग स्नायू आधी फडफडतात आणि नंतर गळतात.

पूर्वभागवाला
म्हणजे मोटर चालू, माग पण ठीक, पट्टा घसरतोय. आता कळलं.

खडू_फळा
अगदी! फक्त हा पट्टा जन्माआधीपासून जुळवलेला असतो, आणि ती जुळणी मोठी गमतीची आहे. गर्भात अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक लांब स्नायुतंतू होतो, त्यामुळे एकाच तंतूत शेकडो केंद्रकं. (म्हणून 'स्नायुपेशी'पेक्षा मला 'स्नायुतंतू' बरा वाटतो.) चेतातंतूचं वाढतं टोक वाट हुंगत तिथवर पोचतं. सुरुवातीला एकेका तंतूवर अनेक टोकं येऊन बसतात. जन्मानंतर त्यांच्यात चढाओढ होते आणि शेवटी एकच टिकतं. उलट एक चेतापेशी मात्र अनेक तंतू सांभाळते: डोळा फिरवणाऱ्या स्नायूत मोजकेच, पोटरीत हजाराच्या वर. म्हणून डोळा इतका नेमका फिरतो. पोटरीला जोर हवा, नेमकेपणाशी तिला देणंघेणं नाही.

पोटरीवाली
'तंत्रिका' बाद, एकाही पेशंटच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही. पत्रकात 'नस (चेतातंतू)' लिहिते आणि रक्ताच्या नळीला सरळ रक्तवाहिनी. 'शीर' कुठेच नाही. कंडरा काढून 'स्नायूचं हाडाला चिकटलेलं टोक' असं लांबलचक लिहीन, चालेल. आता क्रॅम्प राहिला. गोळा, वांब की पेटका?

जुनी_पोथी
वांब. जुना आणि नेमका.

पूर्वभागवाला
गोळा लिहा की ओ. वांब आमच्या पोरांना मासा वाटेल.

खडू_फळा
शब्द कुठलाही घ्या, पण खाली एवढं टाकाच: गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढा आणि तसंच धरून ठेवा. चेतापेशी आपणहून सारखे संदेश सोडत राहते म्हणून गोळा येतो, आणि स्नायू ताणला की ते बहुधा थांबतात.

पोटरीवाली
गोळा फायनल. वांबवाल्यांसाठी कंसात वांब.