मदत हवी आहे: बिनसाखरेची मागूनही आईला गोड कॉफी दिली, तक्रार कुठे आणि कशी करायची?

कन्नाचौक_कन्या

नमस्कार मंडळी. विषय एका कपाचा आहे, पण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आई ६६ वर्षांची. मधुमेहाला १४ वर्षं झाली, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. पथ्याला ती फार कडक आहे. कडक भाकरी, शेंगा चटणी, एखादी पालेभाजी आणि बिनसाखरेचा चहा यावर तिचं सगळं चालतं. भाच्याचा पुण्यात पहिला पगार झाला आणि तो सोलापूरला येताच म्हणाला, आजीला एसीत बसवून कॉफी पाजायची. मे महिन्याचं ऊन, त्यामुळे संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर थोडं फिरून आम्ही शहरातल्याच एका साखळी कॉफी शॉपमध्ये गेलो. दुकानाचं नाव आणि चौक लिहीत नाही, मला बदनामी करायची नाही.

काउंटरवर मी स्वतः सांगितलं, एक कॅपुचिनो, साखर अजिबात नको, आईला शुगर आहे. मुलगा म्हणाला, "नो शुगर, ओके." पैसे देताना परत विचारलं, परत "ओके". त्याआधी मोबाईल नंबर मागितला. नंबर द्यायचा नाही म्हटलं तर म्हणाला, त्याशिवाय बिल निघत नाही. मागे रांग होती, भाच्याने देऊन टाकला.

कप आला. आईने दोन-तीन घोट घेतले आणि मला हळूच तेलुगूत सांगितलं, गोड लागतंय. मी काउंटरवर गेले. उत्तर मिळालं, "मॅडम, आम्ही शुगर घातलेलीच नाही, दुधाची गोडी असेल." दुसरा कप करून द्या म्हटलं तर त्याचे वेगळे पैसे पडतील म्हणाले. मी वाद घालत होते तेवढ्यात आईने अर्ध्याहून जास्त कप संपवला होता. म्हणाली, पोराने पहिल्या पगारातून पैसे भरलेत, टाकून कसं द्यायचं. ते वाक्य आठवलं की अजून पोटात तुटतं.

घरी आल्यावर साखर तपासली, २७१. त्याच दिवशी दुपारी १४८ होती. रात्रभर आम्ही जागे होतो. सकाळी भाच्याने बिल नीट पाहिलं तर त्यावर ‘व्हॅनिला कॅपुचिनो’ लिहिलेलं, साध्यापेक्षा ४० रुपये जास्त.

बिल घेऊन दुकानात गेले. मॅनेजर म्हणाले, बिल तुमच्या हातात दिलं होतं, तेव्हाच सांगायचं. कस्टमर केअरला ईमेल केला तर दोन दिवसांनी ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आणि पुढच्या खरेदीवर १०० रुपयांचं कूपन. माझ्याशी एक माणूस बोलला नाही आणि तक्रार सुटलीसुद्धा!

मला पैसे नकोत. चूक झाली हे त्यांनी लेखी मान्य करावं आणि मधुमेही माणसाची ऑर्डर नीट घेण्याची काहीतरी पद्धत लावावी, एवढंच हवं आहे. यासाठी कुठे जायचं? आणि अशा दुकानात आईसारख्यांनी नेमकं काय मागावं? तेही कृपया सांगा.

---

पूर्वी_काउंटरवर

ताई, वाचून वाईट वाटलं. मी पुण्यात अशाच एका साखळीत दोन वर्षं काम केलंय, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज आहे.

काउंटरवरच्या स्क्रीनवर प्रत्येक पेयाचं वेगळं बटण असतं. साधी आणि व्हॅनिला कॅपुचिनो शेजारीशेजारी. बोट चुकलं की चुकलं. आता त्या मुलाने ‘नो शुगर’ टाकलं तरी त्याचा आमच्याकडे अर्थ एवढाच व्हायचा की वरून साखरेची पुडी द्यायची नाही. व्हॅनिलाचं सिरप, म्हणजे चवीचा गोड पाक, हा पेयाच्या रेसिपीचाच भाग, तो तसाच जातो. कॉफी बनवणारा मुलगा तुमचं बोलणं ऐकत नसतो, तो फक्त कपावरचं स्टिकर वाचतो. म्हणून "साखर घातली नाही" हे तो खरं मानूनच म्हणाला असेल. पण गिऱ्हाईक गोड लागतंय म्हणतंय तर स्टिकर बघून नवा कप करून देणं हे त्याचं काम होतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं. वेगळे पैसे मागणं साफ चूक.

पुढच्या वेळी "साखर नको" एवढ्यावर थांबू नका. "साखर नको, सिरप नको, सॉस नको" असं म्हणा आणि पैसे देण्याआधी स्क्रीनवर पेयाचं नाव दाखवायला सांगा. आमच्याकडच्या सिरपच्या एका पंपात साधारण ५ ग्रॅम साखर जायची, आणि एका कपाला दोन-तीन पंप सहज. मोका, हॉट चॉकलेट, घुसळून केलेल्या थंड कॉफ्या यांच्या वाटेला आईंनी जाऊच नये. त्यांचा सॉस किंवा बेसच गोड असतो, साखर काढायची म्हटली तरी काढता येत नाही. मशीनचा मसाला चहाही बऱ्याचदा तयार गोड मिश्रणाचा असतो. सगळ्यात सुरक्षित म्हणजे अमेरिकानो (बिनदुधाची काळी कॉफी) आणि वेगळ्या कपात गरम दूध.

---

शुगरवाला_जुळे_सोलापूर

मी स्वतः २० वर्षांचा मधुमेही. आधी आईंची तब्येत: दुसऱ्या दिवशी साखर खाली आली का? तो आकडा डॉक्टरांना नक्की दाखवा, आणि इन्सुलिनचा डोस मनाने वाढवू नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बिनसाखरेच्या कॅपुचिनोनेही साखर थोडी वाढतेच. दुधात स्वतःची साखर असते, १०० मिलीला पाच ग्रॅमच्या जवळपास. मोठा कप म्हणजे २०० मिलीच्या पुढे दूध, म्हणजे १० ग्रॅम तिथेच झाले. त्यामुळे लहान कप मागायचा. हल्ली ओट मिल्क तब्येतीला चांगलं म्हणून पुढे करतात, पण ओट्सचं दूध करताना त्यातल्या पिठाची साखर होते. डब्यावर ‘साखर घातलेली नाही’ असलं तरी ते आपल्यासाठी गोडच.

---

पार्कचौक

राग समजतो. पण काउंटरवरची ही पोरं आपल्याच गावातली, बारा हजार-पंधरा हजारावर दहा तास उभी असतात. तक्रार केली की कंपनी सुधारत नाही, पोराला काढते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जरा विचार करा.

---

कन्नाचौक_कन्या

@शुगरवाला दादा, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १६२ होती, आता नेहमीवर आली आहे. डॉक्टरांना दाखवलं, तेही नोंदवून घेतलंय. विचारपूस केलीत, बरं वाटलं.

@पार्कचौक, तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझे वडील मागावर चादरी विणायचे, मालकाच्या बोलण्याखाली राबणं आमच्या घराला ठाऊक आहे. त्या मुलाची नोकरी जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण मॅनेजरने बिल बघूनही हात झटकले आणि कंपनीने न बोलताच तक्रार बंद केली. माझी तक्रार त्यांच्यावर आहे. तक्रारीत कुणाचं नाव लिहिणार नाही.

---

ग्राहक_मदत

मी ग्राहक चळवळीत काम करतो. क्रमाने सांगतो.

आधी पुरावा जपा. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने पुसट होतात. ग्लुकोमीटरच्या मेमरीत तारीख-वेळेसह आकडा असतो, त्याचाही फोटो घ्या. आणि कूपन वापरू नका. ते वापरलं की तोडगा मान्य केला असं म्हणायला कंपनी मोकळी.

मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाला लेखी पत्र पाठवा आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. तरी बऱ्याच कंपन्या तिथे हलतात.

तेवढ्याने भागलं नाही तर आपल्या सोलापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मात्र तब्येतीच्या त्रासाची भरपाई मागायची असेल तर डॉक्टरांचा कागद लागेल, नुसत्या मशीनच्या आकड्यावर ते टिकणं कठीण. तुम्हाला पैसे नकोत, तेव्हा मी म्हणेन आधी पत्र आणि १९१५.

आणखी एक बाजू आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्याने मेनूवर कॅलरी आणि अॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यायची असते. ग्राहकाने मागितल्यास पोषणमूल्यांची माहितीही द्यायची असते. बिलावर १४ अंकी परवाना क्रमांक असायला हवा. मेनूवर कॅलरी नसेल तर तो क्रमांक देऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार होऊ शकते. पुढच्या वेळी "या कपात साखर किती ग्रॅम?" असं सरळ विचारा.

मोबाईल नंबरबद्दल: बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. पत्रात तेही लिहा.

---

डिकॉक्शन

एवढंच सुचवते. पूर्व भागात उडपी पद्धतीच्या हॉटेलात डिकॉक्शन (कॉफीचा काळा अर्क) वेगळं आणि दूध वेगळं मागा, समोर ओतून देतात. माझ्या सासूबाई तीच घेतात. साखरेची वाटी टेबलावर, घालायची की नाही ते आपल्या हातात.

---

कन्नाचौक_कन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पत्र लिहिलं, बिलाचा आणि मशीनचा फोटो जोडला. तीन गोष्टी मागितल्या आहेत: चूक लेखी मान्य करा, ‘साखर नको’ म्हटल्यावर सिरपचंही विचारायचं हे कर्मचाऱ्यांना शिकवा, आणि गोड पेयांपुढे साखरेचे ग्रॅम लिहा. शेवटी आवर्जून लिहिलं की काउंटरवरच्या कुणावरही कारवाई नको.

@डिकॉक्शन, रविवारी आईला तिथेच घेऊन जाते. भाचा म्हणतोय, पैसे मीच देणार.

एक शंका राहिली. हिंदी-इंग्रजीत फोनवर भांडायचा मला धीर होत नाही. १९१५ वर मराठीत बोललेलं चालतं का?

---

ग्राहक_मदत

चालतं. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. तक्रारीचा क्रमांक मिळाला की इथे ‘नोंद झाली’ एवढं कळवा. क्रमांक उघड लिहू नका.