मदत हवी आहे: हात न लावता पान वर सरकतं (माऊस बदलूनही!)

मंडळी, गेले पंधरा दिवस घरच्या कॉम्प्युटरने पिसाळवलंय. जाणकारांनी वाट दाखवावी. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जातात, म्हणून सगळंच सांगते.

डेस्कटॉप आहे, विंडोज १०. माऊस आणि कीबोर्ड दोन्ही वायरचे, यूएसबीचे. माऊस साधारण चार वर्षांचा. मी दिवसभर हिशेबाच्या शीट्स आणि लांबलचक दस्तऐवज वाचते, त्यामुळे चाक भरपूर फिरतं.

सुरुवात ब्राउझरपासून झाली. वाचत खाली जावं, तर मध्येच पान दोन-तीन ओळी वर उडी मारतं. पुन्हा खाली, पुन्हा उडी. आधी मला वाटलं डोळेच दमलेत. मग एक दिवस सेटिंग्जची खिडकी उघडली आणि यादी आपोआप वर जायला लागली. मी खाली ओढायची, ती वर पळायची. स्टार्ट मेनूतल्या यादीचंही तेच. आणि कालपासून नवीनच: एक्सेलमध्ये बाणाची की दाबली की निवडलेला चौकोन हलत नाही, अख्खी शीटच सरकते.

आतापर्यंत केलेले उद्योग: रीस्टार्ट, अर्थातच. संपूर्ण व्हायरस स्कॅन, काही सापडलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून माऊस काढून ड्रायव्हर पुन्हा बसू दिला. कीबोर्ड उलटा करून झटकला (जे काही पडलं त्याबद्दल न बोललेलं बरं). एखादी की अडकली असेल म्हणून काल एकेक की दाबून पाहिली. नोटपॅड उघडून हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं बसले, तिथे काहीच झालं नाही. शेवटी दुसऱ्याचा माऊस आणून लावला, सेटिंग्ज उघडलं, यादी तशीच वर गेली. म्हणजे माऊस निर्दोष. तो परत केला आणि आपला लावला.

कळस म्हणजे काल रात्री सेटिंग्ज उघडं ठेवून माऊस आणि कीबोर्ड दोन्हींच्या पिना उपटल्या. तरी यादी वरच! तेव्हा मात्र पोटात गोळा आला. कुणी बाहेरून कॉम्प्युटर चालवतंय का? नेटची वायर काढली. तरी तेच.

आता काय करू?

प्रतिसाद १

सरळ फॉरमॅट मारा. एवढं शोधत बसण्यापेक्षा दोन तासांत मोकळे व्हाल.

प्रतिसाद २

फॉरमॅट इतक्यात नको. दोन गोष्टी आधी बघा. चाक खाली दाबलं जातं, तेही एक बटण असतं. ब्राउझरमध्ये ते दाबलं गेलं की बाणांचं गोल चिन्ह उमटतं आणि मग माऊस नुसता हलवला तरी पान पळत सुटतं. चाकावर बोट जोरात ठेवायची सवय असेल तर हे नकळत होतं. परत एकदा क्लिक केलं की जातं.

दुसरं, माऊसच्या सेटिंगमध्ये 'स्क्रोल इनॅक्टिव्ह विंडोज' नावाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर कर्सर ज्या खिडकीवर आहे ती सरकते, तुम्ही काम करताय ती नाही. भलतंच पान हलतंय असं वाटायला हेही कारण असतं.

प्रतिसाद ३

ताई, तुम्ही तीन तक्रारी एकाच दोरीत ओवल्या आहेत आणि घोळ तिथेच आहे. ब्राउझरमधली उडी, सेटिंग्जची घसरण आणि एक्सेलचे बाण ही तीन वेगळी दुखणी धरून चला. एकाची चाचणी दुसऱ्याला लावू नका. आणलेल्या माऊसवर तुम्ही फक्त सेटिंग्ज पाहिलं. ब्राउझरमध्ये चाक फिरवून पाहिलं होतं का?

सगळ्यात सोपं आधी. एक्सेलचं कारण स्क्रोल लॉक. तुम्ही काल एकेक की दाबून पाहिली ना? त्यात तीही दाबली गेली. ती चालू असली की बाण चौकोनाऐवजी शीट सरकवतात. कीबोर्डच्या वरच्या रांगेत उजवीकडे असते, एकदा दाबा. (ज्यांच्या कीबोर्डवर ती कीच नाही त्यांनी पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा, त्यात आहे.)

ब्राउझरच्या उडीबद्दल विचारतो: चाक न फिरवता नुसतं बसून राहिलात तर पान हलतं का? की फक्त फिरवतानाच उलटं जातं?

आणि सेटिंग्जबद्दल: दुसऱ्या खिडकीवर क्लिक केलं की घसरण थांबते का? माऊस, कीबोर्ड सोडून सीपीयूला आणखी काय काय जोडलंय? मागच्या बाजूची पिनन् पिन मोजून सांगा, आठवणीतून नको.

धागाकर्ती

स्क्रोल लॉक! दाबली, बाण शहाणे झाले. म्हणजे ते दुखणं मीच लावून घेतलं होतं.

ब्राउझरमध्ये हात न लावता पान हलत नाही. फिरवतानाच उलटं जातं, तेही हळू फिरवलं तर जास्त. आणलेल्या माऊसवर ब्राउझर पाहिलाच नव्हता, खरं आहे. चाकाचं बटण दाबलं जात नाहीये, ते चिन्ह कधी दिसलं नाही.

सेटिंग्ज मागे टाकून दुसरी खिडकी पुढे आणली की घसरण थांबते. परत आणली की सुरू.

जोडलेल्या वस्तू: प्रिंटर, वेबकॅम, आणि एक जुना यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा). त्याची वायर टेबलामागून खाली गेली आहे. त्याला काही नसावं.

प्रतिसाद ३

'नसावं' म्हणजे पाहिलेलं नाही. त्या हबपर्यंत जाऊन या, तोवर चाकाचं सांगतो.

चाकाच्या आसाला एन्कोडर नावाचा छोटा भाग असतो. चाक एक खाच फिरलं की तो दोन संकेत पाठवतो, एक जरा आधी आणि दुसरा जरा मागून. कुठला आधी आला यावरून दिशा ठरते. बऱ्याच माऊसमध्ये तिथे धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात. त्या झिजल्या किंवा मध्ये धूळ बसली की संकेत थरथरतात, क्रम उलटापालटा होतो आणि कॉम्प्युटरला वाटतं चाक वर फिरलं. ड्रायव्हर शंभर वेळा बसवून याला काही होत नाही, कारण चुकीची बातमी माऊसमधूनच निघते. खात्री करायची तर तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, तिथेही उड्या मारेल.

उपाय: पिन काढा, चाकाच्या फटीत हवा मारा आणि दोन्ही दिशांना भराभर पन्नासेक वेळा फिरवा. कित्येकदा एवढ्याने महिनाभर निभावतं. पुढची पायरी उघडण्याची. स्क्रू बहुधा तळाच्या सरकपट्ट्यांखाली लपलेले असतात. एन्कोडरच्या डबीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब, पूर्ण वाळू द्यायचं. तेलकट स्प्रे मारू नका. हा उपाय तात्पुरताच, झिजलेली पट्टी काही परत वाढत नाही. काही माऊसमध्ये पट्ट्यांऐवजी प्रकाशाचा एन्कोडर असतो, तिथे केस किंवा तंतू अडकलाय का ते बघायचं.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर, पण लॅपटॉपवाले हा धागा वाचत असतील तर: कर्सर आपोआप उडत असेल, टचपॅड स्वतःच क्लिक होत असेल, तर टचपॅडच्या कडा वर आल्यात का बघा. आतली बॅटरी फुगून खालून दाबत असू शकते. तसं दिसलं तर चार्जिंग बंद, वापर बंद, बॅटरी बदलून घ्यायची. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न चुकूनही करू नका. आणि फक्त चार्जर लावल्यावरच कर्सर नाचत असेल तर अर्थिंग तपासा, माझं कारण तेच निघालं होतं.

वायरलेस माऊसचा आणखी एक प्रकार. त्याचा छोटा डोंगल (कॉम्प्युटरला खोचायचा रिसीव्हर) यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असेल, आणि त्या पोर्टला हार्ड डिस्क चालू असेल, तर माऊस अडखळतो. असे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि यूएसबी ३ मधून होणारा गोंगाट नेमका त्याच्याच आसपास येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर कागदच काढला होता. हातभर एक्स्टेन्शनची वायर लावून डोंगल लांब नेला की थांबतं.

धागाकर्ती

हबपर्यंत जाऊन आले. टेबलाखाली रांगत.

हबला एक वायर होती. ती मागच्या खोक्यात गेली होती. खोक्यात सगळ्यात वर जाडजूड शब्दकोश, आणि शब्दकोशाखाली भाच्याचा गेमिंग कंट्रोलर. सुट्टीत आला होता तेव्हाचा. शब्दकोशाची कड बरोबर उजव्या दांड्यावर टेकलेली, दांडा पुढे वाकलेला.

पिन काढली. सेटिंग्ज गप्प. लावली, पळायला लागलं. मी हे सात-आठ वेळा केलं, निव्वळ आनंदासाठी.

पण मग ब्राउझर आणि नोटपॅडमध्ये काहीच का होत नव्हतं?

प्रतिसाद ३

कारण विंडोज १० चं सेटिंग्ज आणि स्टार्ट मेनू हे ज्या नव्या पद्धतीने बनवलेत, ती गेम कंट्रोलरवरूनही चालवता येते. उजवा दांडा पुढे केला की यादी वर. जुन्या पद्धतीचं नोटपॅड कंट्रोलरला ओळखतच नाही. आणि कंट्रोलरची आज्ञा समोर असलेल्या खिडकीलाच मिळते, म्हणून दुसरी खिडकी पुढे आणली की थांबत होतं. तुमच्या पोटात गोळा आला तेव्हा खरं तर उत्तर हातात आलं होतं: माऊस नाही, कीबोर्ड नाही, नेट नाही, म्हणजे हुकूम देणारं तिसरं काहीतरी जोडलेलं आहे.

शब्दकोश काढून पुन्हा एकदा लावून बघा. स्टार्टमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' शोधा, प्रॉपर्टीज उघडा. दांड्याला हात न लावता तिथली खूण मधोमध राहत नसेल, तर दांडा कायमचा ढिला झाला आणि भाच्याला काहीतरी सांगावं लागेल.

प्रतिसाद १

फॉरमॅट करूनही हे गेलं नसतं तर. माघार घेतो.

धागाकर्ती

पाहिलं. खूण मधोमध आहे, भाचा सुटला. कंट्रोलर वायर गुंडाळून कपाटात.

हवा मारून चाक फिरवलं. आधी दर दोन-तीन खाचांना उडी मारायचं, आता पानभर वाचलं तर एखादी. माऊस उघडायचं धाडस रविवारी करेन, स्क्रू सापडले नाहीत तर याच धाग्यावर येऊन रडेन. आणलेला माऊस उगाच परत केला.