आत्महत्यांच्या प्रमाणातील प्रादेशिक तफावत आणि मानसोपचार

ऐरोलीकर: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण सिक्कीममध्ये ४३.१, महाराष्ट्रात १८.१, तर बिहारमध्ये अवघे ०.६ आहे, मग मानसोपचार कमी तिथे आत्महत्या जास्त, हे गृहीतक टिकते का?

कोपरीकर: हे आकडे पोलिसांच्या नोंदींवर आधारलेले असतात आणि बदनामीच्या भीतीने घरचे लोक अनेकदा अपघात सांगतात, त्यामुळे बिहारच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. केरळात आरोग्यसेवा चांगल्या असूनही प्रमाण २८.५ आहे.

वाशीकर: मान्य, पण सेवा असणे वेगळे आणि तिथवर पोहोचणे वेगळे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तरी तिथे जायला माणसे कचरतात (नावच पुरेसे!). १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मात्र घरबसल्या, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.