नाटकाचे थ्रीडी पूर्वदर्शन : अँबियंट, एक्स्पोजर आणि हेझ यांपैकी आधी काय ठरवावे?

विंगेतून
आमच्या दोन अंकी नाटकाची प्रकाशयोजना मी ‘कॅप्चर’ या थ्रीडी पूर्वदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करीत आहे. रंगमंचाची मापे, बार (दिवे टांगायचे दांडे), हॅलोजनचे स्पॉट आणि मागच्या बारवरचे एलईडी पार (रुंद झोताचे दिवे) मॉडेलमध्ये आले असून कन्सोलवरून (दिव्यांच्या नियंत्रण-पटलावरून) आर्ट-नेटने, म्हणजे नेटवर्कमार्गे, क्यूही (ठरवून ठेवलेले प्रकाशबदल) चालतात. अडचण पुढची आहे. अँबियंट (दृश्यात सगळीकडे पसरलेला मूळ उजेड) थोडा वाढवला की सेट नीट दिसतो, पण रात्रीचा प्रवेश संध्याकाळचा वाटू लागतो. शून्यावर नेला की दिवा नसलेला कोपरा नाहीसाच होतो. हेझ (झोत दिसावेत म्हणून हवेत सोडलेला विरळ धूर) वाढवल्यावर चित्र फार देखणे होते, मात्र प्रयोगात आम्ही धूर वापरणार नाही. दिग्दर्शकांना पडद्यावर जे दिसेल, साधारण तेच नाट्यगृहात दिसावे यासाठी अँबियंट, हेझ आणि एक्स्पोजर (चित्राची एकूण उजळता) या तिन्ही गोष्टी कोणत्या क्रमाने लावाव्यात?

अर्धाउजेड
सर्वप्रथम एक्स्पोजर ठरवावे आणि त्यानंतर शेवटच्या क्यूपर्यंत त्याला हात लावू नये. नाटकातील सर्वांत उजळ प्रवेश घ्या, त्यात नटाचा चेहरा स्पष्ट दिसेल आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्याही पुसल्या जाणार नाहीत असे मूल्य शोधा, आणि तेच सर्व प्रवेशांना ठेवा. एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवणे म्हणजे चित्रातील प्रकाश दुप्पट करणे. त्यामुळे अंधाऱ्या प्रवेशासाठी ते वाढवले, तर फेडर (दिव्याची तीव्रता ठरवणारी कन्सोलवरची सरकपट्टी) खालीच राहतो आणि दिग्दर्शक मात्र भलताच उजेड मंजूर करून बसतात. स्वयंचलित एक्स्पोजरची सोय असेल, तर ती याच कारणासाठी बंद ठेवावी, नाहीतर संथ फेड-आउटमध्ये दिवे उतरत असताना चित्र स्वतःहून उजळत राहते. प्रेक्षकाचा डोळाही अंधाराला सरावतो हे खरे, पण तो इतक्या तत्परतेने सरावत नाही.

त्यानंतर अँबियंट. कन्सोलच्या ताब्यात नसलेला उजेड, म्हणजे बाहेर जाण्याच्या दारांवरील पाट्या, विंगेतला कामाचा दिवा, एवढ्यापुरतेच ते मूल्य असावे. ते शून्य नसते, पण शून्यापासून फार दूरही नसते. सेटची मांडणी करण्यासाठी भरपूर अँबियंट असलेले वेगळे दृश्य ठेवा आणि ते दिग्दर्शकांना दाखवू नका. हेझ मात्र शून्य. झोत दिसेनासे झाल्यावर जमिनीवर आणि माणसांवर जे उरते, तीच आपली खरी प्रकाशयोजना होय.

रंगपट
वरील क्रमाशी सहमत आहे, तथापि त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पृष्ठभागांचे रंग. मॉडेलमधील जमीन आणि विंगा फिकट करड्या ठेवल्या, तर त्यांवरून परतणारा उजेड सगळीकडे पसरतो. काळी मखमल मात्र आलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकते. दुसरी, बारची उंची. दिव्यापासून नटापर्यंतचे अंतर मॉडेलमध्ये सहा मीटर आणि प्रत्यक्षात आठ मीटर असेल, तर तोच स्पॉट नटावर सुमारे ५६ टक्केच प्रकाश टाकेल, आणि ही तफावत कोणत्याही सेटिंगने भरून निघणार नाही. शिवाय सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतील दिवा नवा असतो, भाड्याने आलेल्या दिव्याची भिंगे मात्र बहुधा धुळकट असतात.

ट्रसखाली
मी प्रामुख्याने ऑर्केस्ट्रा आणि खुल्या मैदानावरील कार्यक्रम करतो, म्हणून ‘हेझ शून्य’ हा नियम सरसकट मानू नये, एवढेच सुचवतो. आमच्याकडे झोत हेच नेपथ्य असते. मात्र तेथेही हेझ सर्वत्र सारखा पसरलेला दाखवू नये. मैदानावर वारा आणि सभागृहात एसीचा झोत त्याला एका बाजूला ढकलतो. धुराचे सूक्ष्म थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, त्यामुळे प्रेक्षकांच्या दिशेने रोखलेले मागचे दिवे ठळक दिसतात आणि समोरच्या बारवरचे झोत जेमतेम जाणवतात. म्हणून कॅमेरा प्रेक्षकांच्या आसनावर ठेवूनच हेझ ठरवावा. ब्लूम (उजळ भागांभोवती पसरणारी चकाकी) तर शक्य तितका कमी.

विंगेतून
सर्वांचे आभार. विंगा खरोखरच करड्या होत्या. त्या काळ्या केल्यावर रात्रीच्या प्रवेशाचा प्रश्न बराचसा सुटला. एक उपप्रश्न : हॅलोजन ३० टक्क्यांवर आणल्यावर पडद्यावर तो पांढराच दिसतो. ते ग्राह्य धरावे का?

अर्धाउजेड
धरू नये. पूर्ण क्षमतेवर सुमारे ३२०० केल्विनचा असणारा हॅलोजन डिमरवर खाली येताना नारिंगी होत जातो, एलईडी मात्र सहसा आपला रंग राखतो. दिव्याच्या गुणधर्मांत ही लाली दाखवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर त्या क्यूंपुरते फिकट अंबर फिल्टर लावून दाखवावे आणि अंतिम यादी काढण्यापूर्वी ते आठवणीने काढून टाकावे.