लाईट मंद म्हणजे डायनॅमो गेला असं नाही

जुन्या ट्रॅक्टरचे हेडलाइट मंद पडले की डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला आणि रिले टाका, असं या चर्चेत वर कोणीतरी सांगितलंय. डायनॅमोचं काही पटलं नाही, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकायचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर, ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर करंट, तो सगळा त्या जुनाट स्विचमधून कशाला न्यायचा. पण अर्थिंगचं, म्हणजे करंट दिव्यातून बॅटरीकडे परत जायच्या वाटेचं, कोणीच बोललं नाही. मडगार्डवरच्या लाईटचा रिटर्न बोल्टमधून आणि पत्र्यातून जातो, आणि तिथे गंज नाहीतर रंगाचा थर. लाईट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन दिव्याच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर गडबड तिथेच आहे.

आमचा ट्रॅक्टर गावी कोकणात, खारी हवा, त्यामुळे मी प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर ओढून चासीपर्यंत नेलीय, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून, खालचा रंग घासून वर ग्रीस. सामान इथून मुंबईहूनच नेतो, कुर्ल्याला सीएसटी रोडवर वायर, रिले, फ्यूज होल्डर सगळं मिळतं. आणि हो, एलईडी टाकणार असाल तर आधी पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे आहे ते) बघा, काही जुन्या ब्रिटिश मॉडेलांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चासीला जोडलेलं.