मदत हवी आहे: घडीव दगडाच्या बारीक दरजा चुन्याने कशा भरायच्या?

जोत्यावरचा: कसबा पेठेतला वाडा, काळ्या घडीव दगडाचं जोतं. दरजा (दोन दगडांमधल्या फटी) ३ ते ४ मिमी, एकूण लांबी ४० मीटरच्या आसपास. मागे कुणीतरी सिमेंट भरलंय, ते आता दगडाची कड घेऊन सुटतंय. गवंडी म्हणतो ग्राइंडर मारून परत सिमेंटच भरू. मला चुनाच हवाय, पण थापीने भरला की दगडभर पांढरे फराटे उठतात.

चुनाघाणी: ग्राइंडर नकोच. हात जरा हलला की ३ मिमीची दरज ६ मिमीची होते, आणि उभी दरज कापताना चकती वरच्या-खालच्या दगडात घुसते. हॅक्सॉचं पातं घ्या. १५ ते २० मिमी खोल खरवडा. घट्ट बसलेलं सिमेंट राहू दे, ओढलंत तर कड जाईल. धूळ सायकलच्या पंपाने उडवा.

प्रमाण: मुरवलेल्या चुन्याचा लगदा (पुट्टी) १, बारीक धुतलेली वाळू दीड. कण १ मिमीच्या आतला, म्हणजे पिठाच्या चाळणीतून गाळून घ्या. क्रशरची भुकटी तशीच वापरू नका, पिठूळ भाग जास्त असला की केसासारख्या भेगा पडतात. ३ मिमी × २० मिमी दरजेला मीटरला ६० मिली माल लागतो. ४० मीटरला २.४ लिटर. सांडलवंड धरून ४ लिटर करा: लगदा २ लिटर, वाळू ३ (चुना वाळूच्या कणांमध्ये बसतो, म्हणून ५ चे साधारण ४ होतात).

जोत्यावरचा: दुकानात पुट्टी मागितली तर भिंतीची पांढरी पुट्टी दिली. तीच का?

चुनाघाणी: अजिबात नाही, त्यात पांढरं सिमेंट असतं. पोत्यातला विरवलेला चुना आणा, पाण्यात कालवून निदान २४ तास मुरवा. जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो. डोळ्यांना चष्मा लावा, चुना भाजतो.

आता फराटे. आपला काळा दगड पाणी पीत नाही. विटेच्या सवयीने माल सैल केला की पाणी दगडावरून ओघळतं आणि चुना घेऊन येतं. माल इतका घट्ट हवा की लाडू वळेल, पण बोटाला चिकटणार नाही. कोरड्या दगडावर दरज झाकेल अशी कागदी चिकटपट्टी लावा, ब्लेडने दरजेवरचा भाग कापून काढा. मग फवाऱ्याने आत ओल द्या, थेंब साचू देऊ नका. माल फळीवर घेऊन फळी दरजेखाली टेकवा आणि २ मिमी जाडीच्या पत्र्याच्या पट्टीने आत दाबा. एका वेळी ८-१० मिमीच, नाहीतर मागे पोकळी राहते. चिकटपट्टी लगेच ओढा. डाग राहिलाच तर त्याच दिवशी ओल्या स्पंजने. अॅसिड नको, ते दरजही खातं.

पेठेतला_मिस्त्री: एक भर. जमिनीलगतच्या थराला कायम ओल असते, तिथे नुसता चुना लवकर घट्ट होत नाही. वाळूतला तिसरा हिस्सा बारीक सुरखी (विटेची भुकटी) घाला. रंग गुलाबीसर येईल, म्हणून खालच्या थरातच. सिमेंट तिथे सगळ्यात वाईट: दगडातून ओल जात नाही, दरजेतूनच जाते, आणि तीच वाट बंद होते.

चुनाघाणी: बरोबर. आणि आठवडाभर ओलं गोणपाट समोर टांगा, दरजेला टेकू देऊ नका. दसऱ्यानंतर काढा काम. एप्रिलच्या उन्हात भरलेली दरज नखाने उकरली की भुकटी होऊन हातात येते.